तक्रार करा, तकरार नको

मराठीतील कितीतरी शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतात. दुकान, किंमत, माल, नमुना, बाजार हे शब्द तुम्ही घरी उर्दू बोलतानाही वापरता. पण काही शब्द फसवे असतात. 'तक्रार' हा असाच एक शब्द आहे. उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी, भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. शब्द एकाच घरचा. पण दोन भाषांत त्याने दोन वाटा धरल्या. या पाठात आपण हाच फरक लक्षात ठेवायचा आहे. वस्तू खराब निघाली तर बोलावे कसे, चांगली निघाली तर सांगावे कोणाला, आणि दुसऱ्याने सांगितलेले किती खरे मानावे, याचा विचार आपण करणार आहोत.

तुम्ही वही विकत घेता, केस कापून घेता, एस. टी. ने प्रवास करता. अशा प्रत्येक वेळी तुम्ही ग्राहक असता. पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. विकणारा आणि घेणारा यांच्यात पैशांची देवाणघेवाण तर होतेच. पण शब्दांचीही होते. "कालचे दूध पातळ होते," असे तुमची अम्मी दूधवाल्याला सांगते. "आज दाट आणले आहे, बघा," असे तो म्हणतो. हा छोटासा संवाद फार मोलाचा आहे. अम्मी बोलली नसती, तर दूधवाल्याला आपली चूक कळली नसती. शिवाय अम्मीने गुपचूप दुसरा दूधवाला धरला असता, तर पहिल्याचे गिऱ्हाईक कशामुळे तुटले, हेही त्याला समजले नसते.

हा संवाद फार जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक लहानशी पाटी जपून ठेवली आहे. ती सध्याच्या इराकमधील ऊर या प्राचीन नगरात सापडली. ती इसवी सनापूर्वी सुमारे १७५० या काळातील आहे, म्हणजे आजपासून जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर अक्कादी भाषेत, खिळ्यांच्या आकाराच्या लिपीत एक पत्र कोरले आहे. ते नन्नी नावाच्या ग्राहकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला पाठवले होते. नन्नीचे म्हणणे असे, की चांगले तांबे देण्याचा शब्द देऊन तुम्ही हलका माल पुढे केला. माझा माणूस शत्रूच्या मुलखातून तुमच्याकडे आला, त्याला तुम्ही अपमान करून रिकाम्या हाती परत पाठवले. यापुढे मी माझ्या अंगणात एकेक तुकडा पारखून घेईन आणि हलका माल नाकारीन.

या पत्रात काय काय आहे ते पाहा. काय ठरले होते, प्रत्यक्षात काय मिळाले, वागणूक कशी होती आणि पुढे आपण काय करणार, हे सारे नन्नीने सांगितले आहे. तो रागावलेला आहे. पण त्याने मुद्दा सोडलेला नाही. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्याची तक्रार आपल्याला नीट समजते. मात्र नन्नीची एक अडचण होती. त्याची पाटी फक्त एआ-नासिरने वाचली असणार. ऊर नगरातील इतर ग्राहकांना ती वाचायला मिळाली नाही.

पुढे काळ बदलला. गावातल्या चांभाराकडून चपला घेणारा माणूस त्याच्याशी समोरासमोर बोलू शकत होता. कारखाने आले, मोठमोठ्या कंपन्या आल्या, तेव्हा माल बनवणारा आणि वापरणारा यांच्यात शेकडो मैलांचे अंतर पडले. एकटा ग्राहक दुबळा झाला. त्याचे कोण ऐकणार? म्हणून ग्राहक एकत्र येऊ लागले. आपल्या महाराष्ट्रात १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिचे सभासद घराला लागणारा माल एकत्रितपणे विकत घेतात आणि आपसांत वाटून घेतात. शेकडो कुटुंबे एकदम बोलली, की व्यापाऱ्याला ऐकावेच लागते.

सरकारांनीही याकडे लक्ष दिले. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ग्राहकांचे चार हक्क मांडले. सुरक्षित वस्तू मिळण्याचा, माहिती मिळण्याचा, निवड करण्याचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा, असे ते चार हक्क होत. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन मानतात. आपल्या देशात २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २०२० साली लागू झाला.

आता इंटरनेटच्या काळाकडे वळू. १९९५ साली अमेरिकेत ॲमेझॉन या कंपनीने इंटरनेटवरून पुस्तके विकायला सुरुवात केली. त्या वेळी तिने एक नवी गोष्ट केली. पुस्तक कसे वाटले, ते वाचकांनी तेथेच लिहावे, अशी सोय तिने केली. चांगले मत असो की वाईट, ते सर्वांना दिसू लागले. यालाच आपण अभिप्राय म्हणतो. 'अभिप्राय' म्हणजे राय. हळूहळू उपाहारगृहे, हॉटेले, दवाखाने, रिक्षा, कपडे, मोबाइल अशा सर्वच गोष्टींवर लोक अभिप्राय देऊ लागले. त्याबरोबर एक ते पाच तारे देण्याची पद्धत रूढ झाली. जे नन्नीला जमले नाही, ते आता मालेगावच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या मुलीला मोबाइलवरून दोन मिनिटांत जमते. तिची तक्रार विकणाऱ्याच्या जोडीला हजारो ग्राहकही वाचतात.

या ताऱ्यांत किती बळ आहे? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मायकेल लुका यांनी अमेरिकेतील सिॲटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ साली एक निष्कर्ष मांडला. अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला, तर उपाहारगृहाचे उत्पन्न सुमारे ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. हा परिणाम स्वतंत्र, लहान उपाहारगृहांवर दिसला. गावोगावी शाखा असलेल्या प्रसिद्ध उपाहारगृहांवर तो दिसला नाही. याचे कारण समजणे सोपे आहे. प्रसिद्ध नाव लोकांना आधीच ठाऊक असते. लहान दुकानाची ओळख मात्र या अभिप्रायांतूनच होते. तुमच्यापैकी काहींच्या घरी बेकरी असेल, शिलाईचे दुकान असेल, यंत्रमाग असेल. तुमच्या अब्बांना किंवा चाचांना विचारा. गिऱ्हाइकाचे एक वाक्य त्यांना किती सुखावते आणि किती दुखावते, ते तुम्हांला कळेल.

म्हणून अभिप्राय वाचणे ही एक जबाबदारी आहे आणि लिहिणे ही त्याहून मोठी. आधी वाचण्याविषयी पाहू.

तुम्ही गणितात सरासरी शिकला आहात. एका दप्तराला दहा जणांनी तारे दिले. प्रत्येकाने तीन तारे दिले. सरासरी तीन. दुसऱ्या दप्तरालाही दहा जणांनी तारे दिले. पाच जणांनी पाच-पाच आणि पाच जणांनी एक-एक. बेरीज ३०, सरासरी पुन्हा तीनच! पण दोन्ही दप्तरे सारखी आहेत का? पहिले दप्तर सर्वांना मध्यम वाटले. दुसऱ्यात काहीतरी गडबड आहे. निम्म्या लोकांना ते फार आवडले आणि निम्म्यांच्या हाती खराब माल आला. म्हणून नुसती सरासरी पाहू नका. एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिले आहे, ते अवश्य वाचा.

आणखी एक उदाहरण घ्या. एका दुकानाला पाच तारे आहेत. पण अभिप्राय फक्त चार. दुसऱ्या दुकानाला ४.३ तारे आहेत आणि अभिप्राय ८००. कोणावर अधिक विश्वास ठेवाल? चार जण दुकानदाराचे नातेवाईकही असू शकतात. आठशे नातेवाईक कोणाला असतात? मराठीत म्हण आहे, 'शितावरून भाताची परीक्षा.' एका पातेल्यातला भात एकदमच शिजतो, म्हणून ही म्हण तेथे खरी ठरते. कारखान्यातील माल मात्र रोज वेगवेगळा निघतो. तेथे एका शितावरून परीक्षा करू नये. पुष्कळ शिते पाहावीत.

आता खोट्या अभिप्रायांची एक खरी हकीकत ऐका. लंडनमध्ये ऊबा बटलर नावाचा एक तरुण पत्रकार आहे. पूर्वी तो पैसे घेऊन उपाहारगृहांविषयी खोटे अभिप्राय लिहीत असे. २०१७ साली त्याने एक प्रयोग केला. तो दक्षिण लंडनमधील डलिच या भागात एका बागेतल्या साध्या खोपटात राहत होता. या खोपटालाच त्याने उपाहारगृहाचे नाव देऊन एका प्रसिद्ध संकेतस्थळावर त्याची नोंद केली. तेथे ना स्वयंपाकी होता, ना पदार्थ. दाढीच्या फेसासारख्या वस्तू मांडून त्याने पदार्थांचे सुंदर फोटो काढले. मित्रांकडून भरभरून स्तुती लिहून घेतली. कोणी जागेसाठी फोन केला, की तो "जागा शिल्लक नाही" असे सांगे. त्यामुळे लोकांची उत्सुकता अधिकच वाढली. सुरुवातीला लंडनमधील अठरा हजारांहून अधिक उपाहारगृहांत त्याचा क्रमांक जवळजवळ शेवटचा होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले! एकही ताट न वाढता एक खोपट सर्व लंडनमध्ये श्रेष्ठ ठरले. बटलरने नंतर स्वतःच हा प्रकार उघड केला.

ही हकीकत वाचून तुम्हांला हसू येईल. पण तिच्या दुसऱ्या बाजूचा विचार करा. जे खोटे खोपटाला वर चढवते, तेच खोटे एखाद्या प्रामाणिक दुकानाला खाली ओढू शकते. समजा, एका बेकरीवाल्याने वीस वर्षे पहाटे उठून पाव भाजले. शेजारच्या स्पर्धकाने दहा जणांकडून 'पावात किडे निघाले' असे खोटेच लिहवून घेतले. नवे गिऱ्हाईक ते वाचून दूर जाईल. कामगारांचा रोजगार कमी होईल. ज्याने ते लिहिले, त्याने तो पाव कधी चाखलेलाही नसेल. खोटी साक्ष न्यायालयात दिली काय आणि मोबाइलवर दिली काय, ती खोटीच.

हे थांबवण्यासाठी नियम झाले आहेत. आपल्या देशात २०२० साली इंटरनेटवरील व्यापाराचे नियम लागू झाले. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालावर अभिप्राय लिहू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने अभिप्रायांसाठी 'आय. एस. १९०००' हे मानक तयार केले. दागिन्यांवरील हॉलमार्क आणि विजेच्या वस्तूंवरील आय. एस. आय. चिन्ह याच संस्थेचे आहे. लिहिणारी व्यक्ती खरी आहे याची खात्री करावी, पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असे हे मानक सांगते. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवण्यात आले. अमेरिकेत खोटे अभिप्राय विकण्यावर आणि विकत घेण्यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आला.

नियम असले तरी वाचणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या शब्दांत पुष्कळ स्तुती आली असेल तर सावध व्हा. 'फारच छान, अप्रतिम' एवढेच लिहिले असेल आणि वस्तूविषयी एकही माहिती नसेल, तर त्याला फार किंमत देऊ नका. ज्याने वस्तू खरोखर वापरली आहे, तो लहानसहान गोष्टी सांगतो. शिवण कशी आहे, रंग धुण्यात जातो का, चार महिन्यांनी काय झाले, हे त्यालाच ठाऊक असते.

आता लिहिण्याविषयी. शाळेच्या बुटांवर आलेले हे दोन अभिप्राय वाचा.

पहिला : "एकदम बेकार! सगळे चोर आहेत. कोणी घेऊ नका."

दुसरा : "जून महिन्यात सहा नंबरचे काळे बूट मागवले. पाचव्या दिवशी मिळाले. माप बरोबर आहे, चामडे मऊ आहे. पण तीन आठवड्यांत उजव्या बुटाचा तळ सुटला. विक्रेत्याला दोनदा कळवले. अजून उत्तर आले नाही. बूट बदलून मिळावेत."

दोघांचेही बूट फाटले असतील. पण पहिल्याने तकरार केली आणि दुसऱ्याने तक्रार. पहिला वाचून कोणालाही काही कळत नाही. बूट फाटले, की उशिरा आले, की पैसे जास्त घेतले? दुसरा वाचून ग्राहकाला माहिती मिळते आणि विक्रेत्याला चूक सापडते. तळ चिकटवण्यात दोष आहे, हे कारखान्याला कळते. दुसऱ्याने चांगल्या गोष्टीही लिहिल्या आहेत, म्हणून त्याच्या तक्रारीवर विश्वास बसतो. तेव्हा लिहिताना या गोष्टी सांभाळा. जे स्वतः पाहिले, वापरले तेच लिहा. काय ठरले होते आणि काय मिळाले ते सांगा. तारीख सांगा. तुम्हांला काय हवे आहे ते सांगा. माणसाची जात, धर्म, बोली, रूप यांवर एक अक्षरही लिहू नका. कुरिअर उशिरा आले म्हणून विणकराच्या कापडाला एक तारा देऊ नका. त्यात त्या विणकराचा काय दोष? आणि समाधान झाले, तर तेही लिहा. आपण तक्रारीला तत्पर असतो, शाबासकी द्यायला मात्र विसरतो.

टाळी एका हाताने वाजत नाही. विक्रेत्यालाही उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तरही सर्वांना दिसते. "आमचा माल उत्तमच असतो, तुम्हांलाच वापरता येत नाही," असे उत्तर देणारा दुकानदार एक गिऱ्हाईक गमावतो. आणि वाचणारे आणखी पन्नास जण दुकानाची पायरी चढत नाहीत. याउलट, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. त्या खेपेतील तळांत दोष आढळला आहे. नवा जोड या आठवड्यात पाठवत आहोत," असे उत्तर वाचून काय वाटते? चूक कोणाकडूनही होते. हा माणूस ती निस्तरतो, असे वाटते. अभिप्राय खोटा असेल, तरी दुकानदाराने संयम सोडू नये. "या तारखेला आपल्या नावाची खरेदी आमच्या नोंदीत सापडत नाही. कृपया पावती क्रमांक कळवावा," एवढे उत्तर पुरे असते. शिवीला शिवी दिली, तर खरे कोण आणि खोटे कोण हे वाचणाऱ्याला कळत नाही.

सभ्यपणे लिहूनही कोणी दखल घेतली नाही तर? तर गप्प बसायचे नाही. पावती, वस्तूचे फोटो आणि पाठवलेले संदेश जपून ठेवा. इंटरनेटवरून विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचे कळवावे आणि एका महिन्यात ती सोडवावी, असा नियम आहे. तरीही काम झाले नाही, तर घरातील मोठ्यांना १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायला सांगा. तेथे मराठीतूनही बोलता येते. शेवटचा मार्ग म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. तेथे वकील लावण्याची सक्ती नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती हाती असेल, तर तुमचे म्हणणे सिद्ध करणे सोपे जाते. म्हणून दहा रुपयांच्या वहीचीही पावती मागण्याची सवय लावा.

शेवटी एक धोक्याची सूचना. "घरी बसून हॉटेलांना पाच तारे द्या आणि प्रत्येक अभिप्रायाचे पैसे मिळवा," असे संदेश मोबाइलवर येतात. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर जमाही होतात. मग "मोठे काम हवे असेल तर आधी काही रक्कम भरा," असे सांगतात. लोभाने माणूस भरत जातो आणि घरची जमा घालवून बसतो. कित्येक सुशिक्षित लोक यात फसले आहेत. असा संदेश तुमच्या भाईजानला किंवा आपाला आला, तर त्यांना वेळीच थांबवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. तसेच अभिप्राय लिहिताना आपला फोन नंबर, पत्ता किंवा बँकेची माहिती कधीही उघड करू नका. तुमची तक्रार वाचून "मी कंपनीतून बोलतो, ओ. टी. पी. सांगा," असे म्हणणारा बहुधा ठगच असतो.

मित्रांनो, बाजार विश्वासावर चालतो. पूर्वी हा विश्वास ओळखीतून येत असे. "अमक्या दुकानात जा, माझे नाव सांग," असे मामू सांगत आणि तेवढे पुरे होत असे. आज आपण कधीही न पाहिलेल्या माणसाकडून वस्तू घेतो आणि कधीही न पाहिलेल्या माणसाच्या सांगण्यावरून घेतो. तो अनोळखी माणूस खरे बोलला, तर आपले पैसे वाचतात. तो खोटे बोलला, तर आपण बुडतो. उद्या कोणासाठी तरी तो अनोळखी माणूस तुम्हीच असणार आहात. लिहिण्यापूर्वी एवढी आठवण ठेवा आणि मगच तारे मोजा.

स्वाध्याय

१. मराठीतील 'तक्रार' आणि उर्दूतील 'तकरार' यांच्या अर्थांतील फरक सांगा.

२. नन्नीच्या पत्रात कोणकोणत्या गोष्टी होत्या?

३. दोन दप्तरांची सरासरी सारखी असूनही ती सारखी का नव्हती?

४. खोट्या अभिप्रायामुळे बेकरीवाल्याचे आणि त्याच्या कामगारांचे कोणते नुकसान होऊ शकते?

५. तुम्ही अलीकडे घेतलेल्या एखाद्या वस्तूविषयी पाच-सहा वाक्यांत अभिप्राय लिहा. मग तुम्हीच दुकानदार आहात असे समजून त्याला उत्तर लिहा.